लिलाबाईच्या ताटातली भाकर

"थांब! ते पोयी कोनाची हाये?" लिलाबाईनं स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

सुनेनं, पौर्णिमानं, तव्यावरची पोळी उलटली. "तुमच्या लेकाची, आई. तुमची भाकर थापून ठेवली ना."

"म्हनजे पोयी तुमाले अन् भाकर मले. वा वं सूनबाई!"

उभा जन्म लिलाबाईनं दुसऱ्याच्या वावरात निंदण केलं, कोरडी भाकर खाऊन. लेक संघदीप तहसिलीत बाबू झाला, तेव्हा कुठं घरात रोज गव्हाची पोळी दिसली. आणि आता म्हणे गहूच बंद! वर्षभर तिची कोपरं, गुडघे बारीक फोडांनी भरले होते, खाजवून खाजवून रक्ताळले होते. गावानं खरूज ठरवली, लिंबाचा पाला झाला, मलमं झाली. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरनं फोडाजवळच्या कातडीचा तुकडा काढून तपासला, वर तोंडातून नळी घालून आतडं पाहिलं. म्हणाला, बाईला गहू सोसत नाही. लहान आतड्याच्या आतली लव झडली आहे, खाजेचं मूळ तिथं आहे. गोळ्यांनी खाज थांबेल, पण गहू जन्माचा सोडा. ज्वारी चालेल.

आता सांगा, खाज कोपराला आणि बिघाड आतड्यात, असं कुठं असतं? दगड खाल्ला तरी पचेल असं तिचं पोट. कधी दुखलं नाही की फुगलं नाही. आणि डॉक्टरशी बोललं कोण, तर सून. रिपोर्ट ठेवला कुठं, तर सुनेच्या कपाटात. पाणी कुठंतरी मुरत होतं. पंधरा दिवस लिलाबाई पोळ्यांच्या डब्यावर मांजरीसारखी टपून होती.

त्याच दुपारी चतुराबाई आल्या. ज्यांच्या वावरात लिलाबाई वीस वर्षं राबली, त्या मालकीणबाई. सातबाऱ्यावरच्या फेरफाराचं काम संघदीपकडे अडलं होतं. काम अडलं की विटाळही विसरतो माणूस. त्या चक्क जेवायला बसल्या. त्यांच्या ताटात पोळ्या, लिलाबाईच्या ताटात भाकर.

"काहून वं लिला," चतुराबाई गोड हसल्या, "पोरगा साहेब झाला, तरी तुले भाकरच? सून पोयी देत नाई का?"

लिलाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. हाच प्रश्न पंधरा दिवस तिच्या मनात उकळत होता. पण तो या बाईनं विचारावा? पौर्णिमा मान खाली घालून उभी होती. तिचे डोळे भरले होते.

"देते ना बाई," लिलाबाई म्हणाली. "मलेच नाई आवडत. माह्या सुनेच्या हातची भाकर खाऊन पाहा, पोया विसरसान तुमी."

आणि तिनं घास मोडला.

चतुराबाई गेल्यावर तिनं सुनेला जवळ बसवलं.

"पोरी, त्या नळीतून खरंच दिसलं ना वं? माह्यं आतडं खराब हाये ना?"

"हो आई."

"पक्कं ना?"

पौर्णिमानं कपाटातून रिपोर्ट आणून सासूच्या हातात दिला. लिलाबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"खराबच असू दे माय," ती म्हणाली. "तू खोटी निघाली असती, तं म्या काय केलं असतं?"