मधल्या भिंतीतला फोम

धाकट्या दिराचा हात कुठे आणि कसा पडतो, हे थोरलीला न बघताही कळायचं. भाड्याच्या घरात दोन बिऱ्हाडांच्या मधे नुसती पातळ फळ्यांची आडभिंत होती. उघड्या तळव्याचा आवाज वेगळा, पट्ट्याचा वेगळा. डोकं आपटलं की इकडच्या फडताळातल्या बरण्या किणकिणायच्या. दोन वर्षं ती हे ऐकत होती, आणि तिचा नवरा कानावर उशी ओढून "त्यांचं ते बघतील" म्हणत होता. सकाळी धाकटी जाऊ लांब बाह्यांत हात लपवून चहा गाळायची, आणि थोरली तिच्या तोंडाकडे न बघता कप उचलायची.

आता दोघे भाऊ मिळून नवं घर बांधत होते. छप्पर एक, बिऱ्हाडं दोन, मधे एक भिंत. लाकडी सांगाडा उभा राहिला होता आणि भिंतींच्या पोटात कुठला फोम फवारायचा, ते ठरवायला त्या दिवशी चौघंही तिथे गेली होती. फोमवाला हाडकुळा, बोलका माणूस होता. पांढरा डगला कमरेपर्यंत उतरवलेला, मास्क कपाळावर चढवलेला. त्याने दोन तुकडे पुढे केले. एक असा कडक, की नख रुतेना; तो छपराला आणि बाहेरच्या भिंतींना, ऊन-ओल आत येऊ द्यायची नाही म्हणून. दुसरा पावासारखा मऊ.

थोरलीच्या नवऱ्याने कडक तुकडा हातात घेतला आणि विषय संपवला. धाकटा मात्र मऊ तुकडा बोटांनी दाबत बसला. याने आवाज किती अडतो, असं त्याने विचारलं. फोमवाला हसून म्हणाला, की मधल्या भिंतीत हा भरून दोन्हीकडून जाड बोर्ड ठोकले, तर एका घरातलं भांडण दुसऱ्या घराला कळायचं नाही.

"मग मधे हाच मारा," धाकटा म्हणाला.

"बरं होईल," थोरलीच्या नवऱ्याने लगेच री ओढली. "सगळ्यांनाच शांत झोप लागेल."

दिराचा राग तिच्या अंगवळणी पडला होता. नवऱ्याचं हे बोलणं मात्र तिच्या छातीत खिळ्यासारखं बसलं.

"त्या भिंतीत काही भरायचं नाही," ती म्हणाली. "मला पलीकडचं ऐकू यायला हवं."

फोमवाला उगाच आपले तुकडे पुसू लागला. धाकट्याने बायकोचं मनगट धरलं आणि हिने काय काय चुगल्या केल्यात ते आधी बघतो म्हणत तिला मागच्या खोलीत ओढत नेलं. थोरली निघाली, तशी नवऱ्याने तिचा दंड पकडला. पहिला आवाज आला. उघडा तळवा. दुसरा मुठीचा. तिने दंडाला असा हिसडा दिला की बाहीची शिवण उसवली.

मागच्या खोलीत धाकटा बायकोचे केस मुठीत धरून तिचं कपाळ लाकडी खांबावर आपटत होता. घाई नव्हती, आरडाओरडा नव्हता. खुंटी ठोकावी तसं चाललं होतं. थोरलीने जमिनीवरची एक रीप उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या कोपरावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. केस सुटले. पण डावा हात शाबूत होता, तो सरळ तिच्या गळ्यावर आला. तिची पाठ सांगाड्याला टेकली, टाचा उचलल्या गेल्या. त्याच्या खांद्यावरून तिला दारातला नवरा दिसत होता. तो "अरे, अरे" म्हणत होता आणि पाय मात्र जागचे हलत नव्हते.

डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, तेवढ्यात धाकटा किंचाळला. जमिनीवर पडलेल्या धाकटीच्या हाताला फोम तासायची लांब दातेरी सुरी लागली होती. तिने ती त्याच्या पोटरीत खुपसली, ओढून काढली आणि पुन्हा खुपसली. तो कोसळला. ती तिसऱ्यांदा हात उगारणार, तोच फोमवाल्याने धावत येऊन तिचं मनगट धरलं. "बाई, बास. आता तो उठत नाही."

आता थोरलीचा नवरा हलला. तो भावाजवळ गुडघ्यावर बसला आणि आपला शर्ट काढून त्याची पोटरी बांधू लागला. थोरली दोन पावलांवर भिंतीला धरून खोकत होती. त्याने एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

पोलिसांपुढे फोमवाल्याने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. थोरलीच्या नवऱ्याने सांगितलं, की आपण पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. धाकटा इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर पोलिसांच्या पहाऱ्यात होता. धाकटीच्या कपाळाला नऊ टाके पडले. थोरली तिच्या खाटेशी बसली होती, गळ्यावर पाच बोटं उमटलेली.

"ताई," शेवटी धाकटी म्हणाली, "दोन वर्षं ऐकू येत होतं ना तुम्हाला?"

"हो."

धाकटीने तोंड भिंतीकडे फिरवलं. थोरली तिथेच बसून राहिली. परिचारिकेने येऊन भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं. ही माझी कोण लागते, ते सांगून थोरलीने रात्री थांबायची परवानगी मागितली. धाकटी हो म्हणाली नाही, पण नकोही म्हणाली नाही.