साडेचारशेचा हट्ट

गिरणी बंद पडली, काम गेलं आणि लीलाधरच्या पायाला भिंगरी लागली. जेवायला बसला तरी दोन घास खाऊन उठायचा. घर चालायचं ते बायकोच्या, प्रमिलाच्या कॉम्प्युटरवर. जळगावात पुढच्या खोलीत बसून ती लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून द्यायची. आणि ऐन लग्नसराईत तो कॉम्प्युटर दिवसातून चारदा मान टाकू लागला. मदरबोर्ड गेलाय, असं निदान झालं.

"मी आणतो," लीलाधर म्हणाला. "आणि असा आणतो की मशीन नुसतं पळेल!"

त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. प्रोसेसर तीनशे मेगाहर्ट्झचा असला तरी साडेचारशेनं पळवता येतो, फक्त बोर्डानं तशी मुभा द्यायला हवी. नव्या स्वस्त बोर्डांत ती सोय नव्हती. जुन्या एका जातीत होती: बारीक पिनांवरची काळी टोपी, म्हणजे जंपर, उचलून शेजारच्या पिनांवर बसवायची, की वेग वाढला. हे त्यानं प्रमिलाला भाकरीच्या तुकड्यांवर तीनदा समजावून सांगितलं. आपल्या हातून या घरासाठी एक तरी काम व्हावं, एवढंच त्याला हवं होतं. पण ते काही त्यानं सांगितलं नाही.

धुळ्याला युसूफचं जुन्या मालाचं दुकान होतं. त्यानं दोन बोर्ड पुढ्यात ठेवले, एक नवाकोरा, एक धुळीनं माखलेला.

"भाऊ, बठ्ठं देखी ल्या, सगळं नीट बघा. नवा घ्या, वर्षाची हमी शे. हाऊ जुना शे."

लीलाधरनं जुनाच उचलला. उजेडात धरला, उलटा केला, बोर्डावरच्या नळकांड्यांची, म्हणजे कपॅसिटरांची टोकं फुगलीत का ते बोटानं चाचपलं, वास घेतला. खाली ठेवला. पुन्हा उचलला.

"अहो, बोर्ड घेताय की बैल?" युसूफ वैतागला.

"जोडून दाखव. साडेचारशेवर. आणि तो कूलर बंद कर."

"एप्रिलमध्ये? भाऊ, मराल!"

"माझ्या घरावर पत्रे आहेत. तिथं कुठला आलाय कूलर?"

कूलर बंद झाला. दोघं घामानं निथळले, पण मशीन एकदाही अडलं नाही. लीलाधरनं बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळला आणि एसटीत जळगावपर्यंत मांडीवर धरला.

घरी बोर्ड बसवला, पण पहिल्याच दुपारी पत्रे तापले, आणि वधूवरांची नावं टाकता टाकता पडदा गोठला. केलेलं सगळं पाण्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लीलाधरनं कॉम्प्युटरचा डबा उघडा टाकला, पंखा रोखून धरला, खोलीत येरझाऱ्या घातल्या. ताटाला तर हातच लावला नाही. प्रमिला गेलेला मजकूर पुन्हा पहिल्यापासून टाकायला बसली, आणि त्याला तेच जास्त लागलं.

तिसऱ्या दिवसापासून मात्र चमत्कार झाला. मशीन एकदाही अडलं नाही.

"बंद पडलं का गं?"

"नाही हो."

"पळतंय ना?"

"वाऱ्यासारखं!"

मग काय, स्वारीची कॉलर ताठ! गल्लीत ज्याला त्याला गाठून लीलाधर साडेचारशेची गोष्ट सांगायचा, आणि घरी येऊन भाकरी मागून घ्यायचा.

पुढच्या आठवड्यात युसूफ आपल्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका न्यायला आला. तेवढ्यात वीज गेली आणि लगेच आली. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊ लागला.

"बघ बघ, आता वेगाचा आकडा येईल!" लीलाधरनं त्याला ओढत पडद्यापुढे आणलं.

आकडा आला. तीनशे.

युसूफ छताकडे बघायला लागला. लीलाधरनं डब्यात वाकून पाहिलं. काळी टोपी परत जुन्या पिनांवर बसलेली होती.

"हे कोणी केलं?"

"मी," प्रमिला म्हणाली. "तुम्हीच दाखवलं होतंत ना, भाकरीवर."

लीलाधरला आधी राग आला, मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे माझी धुळ्याची फेरी फुकटच."

"फुकट कशी? आधीचं दिवसाला चारदा बंद पडायचं. टोपी बदलल्यापासून या बोर्डावर एक पत्रिका वाया गेली नाही. बोर्ड चांगलाच निवडलात तुम्ही."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिनं पत्रिकांचा गठ्ठा नीट लावला.

"कित्येक महिन्यांनी तुम्ही पोटभर जेवत होतात."

कोपऱ्यातली खुर्ची ओढून लीलाधर तिच्या शेजारी बसला, आणि युसूफ निघून गेला तरी उठला नाही.