सिनेटरचा कोपरा

गिरीशने सिनेटरच्या नावाचा पुठ्ठा शाळेच्या कॅफेटेरियाच्या भिंतीवर चिकटवला आणि मागे सरून तो सरळ लागलाय ना ते पाहिलं. पक्षाची इथली रीतच अशी, की गुप्त मतदान नाही. ज्याला देशाच्या अध्यक्षपदासाठी जो उमेदवार हवा, त्याने सगळ्यांदेखत उठून त्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावात डॉक्टर म्हणून गिरीशला पुष्कळजण ओळखत होते; त्याच्या मताला किंमत आज पहिल्यांदाच येणार होती.

समोरचा कोपरा त्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराचा, गव्हर्नरचा होता. 'आपल्या म्हाताऱ्या आईबापांना परदेशी डॉक्टरांच्या हाती देऊ नका,' असं भर सभेत म्हणणारा तो गव्हर्नर. ते वाक्य गिरीशच्या जिव्हारी लागलं होतं. सिनेटरने दुसऱ्याच दिवशी त्याचा निषेध केला, आणि इतकी वर्षं रेंगाळलेला गिरीश सिनेटरला मत देता यावं म्हणून उठून अमेरिकन नागरिक झाला. भारतीय पासपोर्ट त्याने परत केला.

नागपूरला वडिलांनी, अप्पांनी, ऐकलं आणि बोलणंच टाकलं. अप्पा हाडाचे कार्यकर्ते. त्यांचा पक्ष फुटला तेव्हा सगळे फुटलेल्या गटात गेले आणि हे एकटे जुन्या कचेरीत दिवा लावून बसत राहिले. परवा कुठे त्यांचा निरोप आला होता, 'एवढं ज्याच्यासाठी केलंस, त्याचं काय झालं ते कळव.' बायकोने, सुलभाने, आज संध्याकाळचा नागपूरचा कॉल बुक करून ठेवला होता.

सभा सुरू होणार एवढ्यात सभा चालवणाऱ्या मिसेस लिंडक्विस्ट शाळेच्या ऑफिसातला फोन ठेवून आल्या. सिनेटरांनी तासाभरापूर्वी माघार घेतली होती. आपल्या लोकांनी गव्हर्नरांना साथ द्यावी, असं त्यांनी स्वतः जाहीर केलं होतं.

मग खुर्च्या सरकल्या आणि माणसं कोट उचलून समोर निघाली. गिरीशने नंदूकडे पाहिलं. त्याला या प्रचाराच्या कामात ओढणारा नंदूच.

"नंदू, तो माणूस काय बोलला होता, विसरलास?"

"प्रायमरीत, पक्षातल्या पक्षात, सगळेच बोलतात रे. आता सिनेटरनेच एन्डॉर्स केलंय. पार्टी युनिटी, यार. नोव्हेंबरची निवडणूक जिंकायचीय ना?"

"मी पासपोर्ट दिलाय याच्यापायी."

नंदूने बुटांवरचं वितळतं बर्फ झटकलं.

"एकट्याचा कोपरा इथे मोजणीत धरत नाहीत, गिरीश. चल."

गिरीशला ओरडावंसं वाटलं. पण रिकाम्या कोपऱ्यात, लहान मुलांच्या ठेंगण्या बाकांमध्ये, सगळ्यांच्या नजरा झेलत उभं राहणं त्याच्याने होईना. तो पाय ओढत निघाला. तिकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्याच एका म्हाताऱ्या पेशंटने गव्हर्नरचा बिल्ला त्याच्या कोटाला लावला आणि ती म्हणाली, "वेलकम, डॉक्टर." सवयीने त्याने तिचे आभार मानले, आणि मग त्याची त्यालाच शिसारी आली.

घरी सुलभाने दार उघडलं. तिची नजर बिल्ल्यावर गेली आणि तिथेच थांबली. ती काही विचारणार तोच फोन वाजला. तिने उचलून ऐकलं आणि रिसीव्हर पुढे केला.

"अप्पा आहेत."

लाइनमध्ये खरखर होती. नागपुरात सकाळ झाली असणार.

"झालं का रे मतदान?"

"झालं, अप्पा."

"मग? तुझ्या माणसाचं काय?"

गिरीशने बिल्ला काढायला हात घातला. पिन कापडात अडकून बसली होती.

"जिंकलो," तो म्हणाला. "अख्खा हॉल एका बाजूला उभा राहिला."

"सगळेच्या सगळे?"

"सगळे."

सुलभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती वळून आत गेली.

अप्पांचा आवाज किती महिन्यांनी मऊ झाला होता. "मग तू केलंस ते ठीकच केलंस, बाळा. मला आपली एकच धास्ती होती. माझ्यासारखा एकटा नाही ना पडलास?"

"नाही, अप्पा," गिरीश म्हणाला. "नाही पडलो."