पिंडीखालचं बटन

सिद्धरामअप्पांनी लातुरात तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, पण नाव झालं ते चोरबटनामुळं. बटन दाबलं की पेट्रोलच्या पंपाचा करंट तुटतो, पुन्हा दाबलं की जुळतो. मग चोर किल्ली फिरवून फिरवून घामाघूम झाला तरी गाडी हलत नाही. बटन कुठं दडवलंय ते फक्त मालकाच्या कानात सांगायचं, त्याच्या घरच्यांनाही नाही, हा अप्पांचा शिरस्ता.

या श्रावणात त्यांना अफलातून जागा सुचली. डॅशबोर्डवरच्या महादेवाच्या पिंडीखाली! चोर झाला तरी देवाला हात लावायला कचरणारच. महिन्याभरात सहा गाड्यांत पिंडी बसल्या आणि अप्पा स्वतःवरच खूश होऊन शीळ घालत हिंडू लागले.

बटन बसवताना अप्पा शटर ओढून घेत, त्यामुळं दुकानात त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या दामिनीला, त्यांच्या लेकीलाही जागेचा पत्ता नसे. पण वायर कुठली तोडतात ते तिला माहीत होतं.

"अप्पा, चोरी रोखायच्या यंत्रानं चालती गाडी बंद पडता कामा न्हाई, असा नियम हाय. चालत्या गाडीत चुकून दाबलं गेलं तर? स्टार्टरच्या वायरला जोडा. बंद गाडी सुरू व्हायची न्हाई, पण चालती गाडी थांबायची न्हाई."

"अन् चोरानं ढकलून चालू केली म्हंजे? नियम लिहिणाऱ्याची गाडी गेली व्हती का कधी चोरीला?"

दामिनीनं कपाळाला हात लावला. अप्पांनी त्याच संध्याकाळी घरच्या गाडीतही पिंडी बसवली. इतक्या वर्षांनी नवऱ्यानं स्वतःहून गाडीत देव आणला म्हणून उमादेवी हरखून गेल्या.

रविवारी उमादेवींच्या भाच्याचा साखरपुडा नांदेडला होता. गाडी दामिनी चालवत होती, शेजारी उमादेवी, मागं आडवेतिडवे पसरलेले अप्पा. अहमदपूर मागं पडलं. रस्त्याच्या कडेला महादेवाचं देऊळ आलं, आणि उमादेवींनी जन्मभराच्या सवयीनं हात पुढं केला. देऊळ दिसलं की गाडीतल्या देवाला बोटं लावायची, मग तीच कपाळाला. सगळा मुलूख हेच करतो. अप्पा स्वतःही हेच करत आले होते, आणि महिनाभर चोराचा विचार करणाऱ्या या शहाण्या माणसाला ते एकदाही आठवलं नव्हतं.

"उमा, हात लावू न—"

इंजिन गप्प झालं. स्टेअरिंग जड झालं. मागं टँकर होता, त्यानं कानठळ्या बसतील असा हॉर्न धरला. दामिनीनं दोन्ही हातांनी स्टेअरिंग ओढत उरलेल्या वेगावर गाडी कडेच्या मुरमावर उतरवली आणि कडक झालेल्या ब्रेकवर सगळं वजन टाकलं. टँकर आरशाला जवळजवळ चाटून निघून गेला. लेक आणि बायको समोर जिवंत बसलेल्या दिसत होत्या, तरी अप्पांनी दोघींच्या खांद्यांना हात लावून पाहिला.

"महादेवानंच वाचवलं बघा," म्हणत उमादेवी पुन्हा पिंडीकडं वळल्या. अप्पांनी त्यांचा हात अलगद बाजूला केला, पिंडी दाबली आणि म्हणाले, "दामिनी, किल्ली फिरव."

गाडी चालू झाली. दामिनीनं पिंडीकडं पाहिलं, मग बापाकडं. ती नजर अप्पांना लागली.

त्यांनी खाली उतरून मुरमावर उभ्या उभ्याच फोन लावायला घेतले. पाच गिऱ्हाइकांना सांगून झालं, गाडी लावून ठेवा, उद्या दुकानात आणा. सहावा भुजंगराव. फोन त्याच्या आईनं, साखराबाईंनी उचलला.

"भुजंग गाडी चालवायलाय. शिरूर अनंतपाळला चाललोत."

"माय, वाटंत देऊळ लागलं तर पिंडीला हात लावू नका."

"आँ? तूच पिंडी बसवून दिलीस, अन् मला असं सांगतूस? आलंच की देऊळ, ते काय समोर दिसाया लागलं."

समोर उमादेवीही उतरून उभ्या होत्या, टक लावून. अप्पांनी तीस वर्षांचा शिरस्ता मोडला.

"माय, तिथं देव न्हाई," ते ओरडले. "तिथं माझं बटन हाय! हात लावला की गाडी बंद पडंल!"

पलीकडं गाडीची घरघर चालूच होती. मग साखराबाईंचा आवाज आला, फोनपासून लांब.

"भुजंग, गाडी कडंला घे."