शिक्षेचा बाक

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो. मलावीतल्या एका डोंगराखालच्या खेड्यात, चर्चमध्ये अगदी मागे, दाराशी माझी जागा. सुतारानं मला मंडळीच्या वडिलांसाठी, म्हणजे चर्चच्या पंचांसाठी घडवलं होतं. पण माझा एक पाय आखूड निघाला, वडीलमंडळी डुगडुगू लागली आणि मला मागे ढकललं. तेव्हापासून मी शिक्षेचा बाक. कुणी दुसरी बायको केली, कुणी दारू गाळली, की त्यानं माझ्यावर बसायचं. त्याला प्रभुभोजनाची भाकर नाही, गाणं नाही, तोंड उघडणं नाही. शिक्षा संपायच्या आत मेला, तर घंटा वाजत नाही आणि कबरीपाशी कुणी गात नाही.

माझ्यावर बसलेल्या पाप्यांची मला कधी किळस आली नाही. किळस येते ती समोरच्यांची.

त्यातही वडील काम्वेंडोंची. पाद्री क्वचितच येतात, म्हणून बायबल वाचायचं काम यांच्याकडे. संदेष्ट्यांचा कोप ते कोंबडीची तंगडी चोखावी तसे चवीनं वाचतात. जिथे देवाचं मन द्रवायला लागतं, नेमकं तिथे पुस्तक मिटतात. इतकी वर्षं ऐकतोय, पण यांच्या तोंडून दया म्हणून ऐकली नाही.

यंदा माझ्यावर नासिबेको आजी बसत होती. विधवा बाई. शेत खणायला शेजारी बोलवायचे तर त्यांना मक्याची दारू पाजावी लागते, सगळं गाव तसंच करतं. तिनंही केलं. काम्वेंडो म्हणाले, "देवावर भरवसा ठेवून एकटीनं खणायचं होतं!" या माणसानं स्वतः कुदळ धरल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

आजीची छाती कफानं भरलेली असायची. खोकली की मीही हलायचो. घंटेविना मातीत जायची तिला फार भीती होती.

पाऊस लांबला, म्हणून उपासाचा रविवार ठरला. काम्वेंडोंनी बायबलातलं योना संदेष्ट्याचं पुस्तक काढलं. पापी निनवे शहराचा नाश होणार, एवढं गर्जून सांगितलं आणि पुस्तक मिटलं.

"वडील, पुढचं वाचा की," आजी म्हणाली.

"बाकावरच्यांनी बोलायचं नसतं."

"बोलत कुठे आहे, बाबा? विचारतेय. निनवे जळलं का?"

मग पांढऱ्या पोलक्यातली, महिला मंडळाची एनेटी उठली. सगळ्या गावाच्या चहाड्या हिच्याकडून निघतात, मला ती मुळीच आवडत नाही. ती मागे आली आणि धप्पकन माझ्यावर बसली.

"सरक गं आजी. दारू मीही गाळली होती, फक्त सापडले नाही."

मग दुसरी आली, तिसरी आली. "अगं, मांडीवर बसतेस की काय!" जागा संपली तशा बाकीच्या जमिनीवर टेकल्या. समोर उरले काम्वेंडो आणि चार पुरुष.

पुढचं वाचल्याशिवाय एकही बाई जागेवर परतणार नव्हती. त्यांनी पुस्तक उघडलं. निनवेनं पश्चात्ताप केला, देवानं क्षमा केली, आणि शहर वाचलं म्हणून संदेष्टा रुसून बसला. दयेचा एकेक शब्द त्यांनी खेकसूनच वाचला, दुसरा सूर त्यांना येत नव्हता. पुस्तक एका प्रश्नावर संपतं: देवानं एवढ्या माणसांची कीव करू नये का?

"करावी," आजी म्हणाली. "तुम्ही पण करा ना."

काम्वेंडोंनी पुस्तक मिटलं. मग मागे आले आणि तिला हात दिला. परत मंडळीत घेण्याची आमच्याकडे हीच रीत. त्यांचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पॉलिश करा, जपा, असं सगळे सांगतात. मला जपू नका. मला फोडा, माझ्यावर मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवा आणि सगळ्यांना वाढा. काम्वेंडोंनाही वाढा. माझं मन होत नाही, पण पुस्तकात तसंच लिहिलंय.