तिसरी विहीर

पॉलिनने टीव्हीखालच्या गेमच्या डब्यावरचं क्रोशाचं कापड उचललं, झटकलं आणि चौकोनी घडी घालून सोफ्याच्या हातावर ठेवलं. जवळजवळ महिनाभर ते कापड कोणी हलवलं नव्हतं. बंद खिडक्यांतूनही आत शिरणारी बारीक वाळू त्यावर बसली होती.

"चार वाजत आले," ती म्हणाली. "लाव."

ॲनेट पुस्तकांच्या खोक्याला चिकटपट्टी लावत होती. तिने मान वर केली नाही.

"आय डोन्ट वॉन्ट टु, मम्मी."

"डोन्ट वॉन्ट म्हणजे? पुढच्या आठवड्यात आपण शारजाला मावशीकडे. तिच्या बिल्डिंगवर डिश अलाऊड नाही. मग शेवटचा भाग कधी बघणार?"

"नको बघायला."

"डॅडी ऑगस्टपासून वाट बघत होते."

ॲनेटने चिकटपट्टी खाली ठेवली. सतरा वर्षांच्या मुलीकडे बहुतेक गोष्टींना उत्तर असतं, पण वारलेल्या बापाच्या इच्छेला नसतं.

डबा आला तेव्हा घरात नुसता धुडगूस होता. ॲनेटचा बाप मॉरिस तुस्कानो हॉटेलात बँक्वेट कॅप्टन होता, म्हणजे दुसऱ्यांच्या लग्नांत तासन्‌तास उभा राहणारा माणूस. अजमानचं हे दोन खोल्यांचं घरही हॉटेलचंच. त्या वर्षी एक कंपनी सॅटेलाइटवरून व्हिडिओ गेम पाठवून पाहत होती. दुकानात मिळणारी कॅसेट नव्हे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी चार वाजता आकाशातून एक भाग उतरायचा, डब्यातल्या कार्डात साठायचा आणि आधीचा भाग पुसून टाकायचा. गच्चीवर डिश बसवून झाल्यावर कारागीर अलीमियाँने विचारलं होतं, "साब, बच्ची के लिए?" "नहीं भाई, मेरे लिए," मॉरिस म्हणाला, आणि अलीमियाँने त्याच्या टकलाकडे एकदा आदराने पाहून घेतलं.

खेळ लढाईचा होता. एका राणीचं सैन्य वाळवंटातून निघालेलं, वाटेत चार विहिरी, दर महिन्याला एक जिंकायची. पडद्यावर बुद्धिबळासारख्या चौकटी, त्यांवर आपले सात शिपाई. एक चाल आपली, एक शत्रूची. मेलेला शिपाई पुढच्या महिन्यात येत नसे, आणि एकदा संपलेली लढाई पुन्हा उघडत नसे. खेळताना मधूनमधून एका बाईचा आवाज यायचा. ती सेनापतीला इंग्रजीत सूचना द्यायची आणि मग उत्तराची वाट पाहत असल्यासारखी क्षणभर थांबायची. त्या थांब्यात मॉरिस न चुकता म्हणायचा, "हो बाई, बघतो."

शिपायांना नावं आपण द्यायची होती.

"माझं टाका," ॲनेट म्हणाली होती.

"जिवंत माणसाचं नाव टाकायचं नाही. तिथे मेलं तर?"

"डॅडी, इट्स अ गेम!"

"असू दे. गेलेल्यांची टाकू. ते काही पुन्हा मरत नाहीत."

नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सासाठी, म्हणजे त्यांच्या नावाने होणाऱ्या उपासनेसाठी, चर्चमध्ये नावांचं पाकीट द्यावं लागतं. त्यावर मॉरिस दरवर्षी ज्या क्रमाने घरची नावं लिहायचा, त्याच क्रमाने त्याने ती शिपायांना दिली. पहिला त्याचा बाप पास्कू. मग आई नाताल, काका बस्त्याव, मासेमारीला गेलेला आणि परत न आलेला भाऊ इनास. अशी वसईच्या घरातली सहा माणसं झाली. सातव्याला कोणी उरलं नाही.

"माझंच टाक," मॉरिस म्हणाला. "मला काय धाड भरलीय?"

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी तो फार दमून आला होता. सोफ्यावर आडवा होऊन म्हणाला, तू खेळ, मी बघतो. तिसरी विहीर एका खिंडीच्या पलीकडे होती आणि खिंडीच्या तोंडाशी एकाला उभं करणं भाग होतं. ॲनेटने मॉरिसला पुढे केलं. का, ते तिने नंतर स्वतःला हजारदा विचारलं. तिथे पास्कू चालला असता, इनास चालला असता. पण मेलेल्या आजोबांना पुढे लोटायला तिचा हात धजेना, आणि बाप तर धडधडीत जिवंत होता, सोफ्यावर पाय हलवत होता.

मॉरिस पडला. त्याचं नाव आधी करडं झालं, मग यादीतून गेलं.

"खलास?" बापाने मान उचलून विचारलं आणि तो हसला. "चला, सुटलो एकदाचा. विहीर मिळाली ना? मग यल्ला, चहा टाक." स्वयंपाकघरात पॉलिनने आधण ठेवलं.

आठव्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडून घेता घेता तो खाली बसला, तो पुन्हा उठला नाही.

ॲनेटने हे कोणालाही सांगितलं नाही. वसईला मातीच्या वेळी नाही आणि परत आल्यावरही नाही. फादरांना तरी काय सांगणार, गेममध्ये बापाला मारलं म्हणून? तिला माहीत होतं की हे वेड्यासारखं आहे. ते माहीत असल्याचा काडीचा उपयोग होत नव्हता. शुक्रवारच्या मिस्साला ती जायची, पण कम्युनियनची भाकर घ्यायला उठायची नाही; पापाची कबुली दिल्याशिवाय ती घेत नाहीत. पॉलिन एकटी पुढे जायची, परत येऊन शेजारी गुडघे टेकायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघायची. आज सकाळीही तसंच झालं होतं.

ॲनेटने डबा लावला.

निळा पडदा आला, खाली पांढरी पट्टी हळूहळू भरत गेली. एसीची घरघर तेवढी चालू होती. खाली रस्त्यावर शुक्रवारच्या दुपारची सामसूम होती. पट्टी भरली आणि त्या बाईचा आवाज आला. सेनापती, तिसरी विहीर समोर आहे.

तिसरी? ॲनेट पुढे झुकली. पडद्यावर शिपायांची यादी उतरत होती. पास्कू. नाताल. बस्त्याव. इनास. आणखी दोन. आणि शेवटी, काही झालंच नसल्यासारखा, मॉरिस.

तिने मागे वळून सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावर फक्त घडी केलेलं कापड होतं.

"मम्मी, किती वाजले?"

पॉलिनने स्वयंपाकघराच्या दारावरच्या घड्याळाकडे हनुवटीने दाखवलं. "चार. सांगितलं ना."

त्या घरात दोन घड्याळं होती. टीव्हीवरचं इथलं, आणि स्वयंपाकघराच्या दारावरचं इंडियाचं, दीड तास पुढे. वसईला फोन करायचा तर तिथे कोण जेवतंय, कोण झोपलंय ते कळावं म्हणून. सामान बांधताना पॉलिनने टीव्हीवरचं घड्याळ सकाळीच काढून ठेवलं होतं. तिथे भिंतीवर आता फिकट गोल डाग होता. ॲनेटचं मनगटी घड्याळ भांडी घासताना ओट्यावर राहिलं होतं.

"ते इंडिया टाइम आहे, मम्मी! आत्ता अडीच वाजलेत."

"अगं बाई." पॉलिन गॅसकडे वळली. "डोक्यात छप्पन्न गोष्टी आहेत, लक्षातच राहिलं नाही. मग आता काय झालं?"

"अडीचला मागचा भाग रिपीट करतात. ज्यांचा चुकला त्यांच्यासाठी. तो आला."

"म्हणजे बिघडलं?"

"बिघडलं नाही. आपलं जुनं पुसलं गेलं. तिसरी लढाई परत पहिल्यापासून." सैन्यही तेव्हा होतं तसंच, सातच्या सात, हे तिला म्हणवेना.

"मग खेळ की. चारपर्यंत काय करणार आहेस?"

ॲनेटने कंट्रोलर हातात घेतला. तेच वाळवंट, तेच शत्रूचे काळे घोडेस्वार, आणि आवाजही शब्दाशब्दाला त्या दिवशीचाच. सेनापती, सूर्य कलतो आहे. मग तो थांबा.

"हो बाई, बघतो," स्वयंपाकघरातून पॉलिन म्हणाली.

ॲनेटने मान वळवली. आईला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, असं ती आणि डॅडी नेहमी म्हणायचे. आई कांदा चिरत होती. आपण काही बोललो हे तिला कळलंही नसावं.

दहा चाली झाल्या, पंधरा झाल्या. बाहेर तिसऱ्या प्रहरची, असरची अजान झाली. खिंड जवळ आली आणि तोंडाशी एकाला उभं करायची वेळ पुन्हा आली. पडद्यावरचा बाण मॉरिसवर येऊन थांबला होता. ॲनेटने तो तिथे नेला नव्हता, निदान तिला तसं वाटलं. मागे सोफ्याची स्प्रिंग वाजल्यासारखी झाली. ती एसीची खडखड असेल. ॲनेटने मागे पाहिलं नाही. तिने कंट्रोलर फरशीवर ठेवला आणि ती रडू लागली. बाप गेल्यापासून ती अशी रडलीच नव्हती.

पॉलिन हात पुसत आली आणि तिच्याजवळ खाली बसली.

"मी टाकलं त्यांना पुढे," ॲनेट म्हणाली. "त्या दिवशी. आय पुट हिम देअर, मम्मी. दुसरं कोणीही चाललं असतं. आणि मग आठ दिवसांनी..."

पॉलिनने पडद्यावरची नावं एकदा वाचली.

"बीपीच्या गोळ्या डॅडी युनिफॉर्मच्या खिशात ठेवायचे," ती म्हणाली. "धुवायला टाकताना मी खिसे बघायचे. शेवटच्या महिन्यात पाकीट जवळजवळ तसंच होतं. फक्त चार गोळ्या खाल्लेल्या. मी ओरडले, ते हसले, मी सोडून दिलं. मग मी मारलं का त्यांना?"

"नो!"

"मग."

शत्रूचे घोडेस्वार आपल्या जागी पाय हलवत उभे होते. आपण चाल केल्याशिवाय ते पुढे येत नसत.

"आज चर्चच्या पाकिटावर नावं मी लिहिली," पॉलिन म्हणाली. "डॅडी लिहायचे त्याच क्रमाने. पास्कू, नाताल, बस्त्याव. शेवटी सातवं." तिने पडद्यावरच्या यादीवरून बोट खाली आणलं आणि शेवटच्या नावापाशी थांबवलं. "आता ते त्यांच्यातलेच झाले. आता या नावाला कोण काय करणार? हलव त्यांना."

"कुठे?"

"विहिरीपाशी बसव. उभं राहून राहून पाय दुखायचे त्यांचे."

ॲनेटने मॉरिसला मागे घेतलं, दोन चालींत विहिरीच्या कठड्यापाशी आणलं आणि तिथेच ठेवलं. खिंडीच्या तोंडाशी तिने पास्कूला उभं केलं. म्हाताऱ्याने तीन घोडेस्वार अडवले आणि चौथ्याने त्याला पाडलं. नाव करडं झालं, मग गेलं.

"खलास?" पॉलिनने विचारलं.

"हो."

"बरं. लेकासाठी बाप उभा राहिला." तिने गुडघ्यावर हात टेकला आणि उठली. "चहा टाकते."

विहीर मिळाली. यादीत सहा नावं उरली आणि सहावं मॉरिसचं होतं. ॲनेटने ते दोनदा वाचलं. भीती होती, नाही असं नाही, पण आता ती तिला झेपेल एवढी होती. तिने तोंड धुतलं आणि चौथा भाग नक्की किती वाजता आहे ते बघायला फ्रिजकडे गेली. कंपनीचं नोव्हेंबरचं पत्रक फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावलेलं होतं. मागच्या महिन्यापर्यंत ते लावणं बापाचं काम होतं. या महिन्याचं कोणी लावलं, हे तिने पाहिलं नव्हतं.

वर छापलं होतं: चार वाजता, भाग चौथा. त्याच्या वरच्या ओळीत: अडीच वाजता, भाग तिसरा, पुनःप्रक्षेपण. त्या ओळीखाली बॉलपेनने रेघ मारली होती, आणि शेजारी, ज्यात ती फोनच्या वेळा लिहायची त्याच गोल अक्षरात पॉलिनने लिहिलं होतं, इंडिया ४.

ॲनेट तिथेच उभी राहिली. ओट्याशी पॉलिन पाठमोरी होती, चहात आलं किसत होती. अकरा वर्षं त्या घरात दोन घड्याळं टिकटिकत होती, आणि वसईचा एकही फोन तिने कधी चुकीच्या वेळी लावला नव्हता.

"मम्मी," ॲनेट म्हणाली, "चार वाजले का?"

"अजून बारा मिनिटं आहेत," मान न वळवता पॉलिन म्हणाली. "कप घे."

ॲनेटने खोक्यात बांधलेले कप पुन्हा बाहेर काढले.