‘नको’ म्हणायचा सराव

“पोरगी माळवदावर बसून फोनवर कुजबुजती. म्या ह्या कानांनी ऐकलंय,” शेजारची अंबूबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. “रविवारी शिवऱ्याचं पाव्हणं तिला बघाय यायचं न्हवं? वेळीच बघ बाई.”

“मैत्रीण असंल, मावशी,” हलिमा म्हणाली. पण शिलाईमशीनवरचा पाय अडखळला.

“व्हय, मिशावाली!” अंबूबाई हसत निघून गेली.

हलिमाने मोबाईल उचलला. नवऱ्याने, मन्सूरने, नवा घेतल्यावर जुना घरात राहिला होता, आणि आता तो गुलनाजचाच झाल्यासारखा होता. पोरगी अकरावीला, भोरच्या कॉलेजातून यायला अजून अवकाश होता. फोनमध्ये जिथे तिथे ‘स्नेहल’. पण गुलनाजच्या वर्गातल्या, हिर्डोशीच्या स्नेहलकडे मोबाईलच नव्हता, तिच्या डोंगरात रेंजही नव्हती. मग हा कोण? खरं निघालं, तर रविवारी पाहुण्यांना होकार देऊन मोकळं व्हायचं, हलिमाने मनाशी ठरवलं.

तिने बटण दाबलं. एक रिंग गेली न गेली तोच तिने फोन कट केला. लगेच तो हातात थरथरू लागला. तोच नंबर! मिस कॉल दिला की उलटा फोन करतो, म्हणजे खर्चही त्याचाच. चांगलाच मुरलेला दिसतोय.

तिने दात आवळून फोन कानाला लावला.

“नमस्कार, मुलामुलींची मदतवाहिनी. कोण बोलतंय? खरं नाव नको असेल तर दुसरं सांग.”

बाईचा आवाज! हलिमा गोंधळली. “मी... हलिमा.”

“अगं हलिमा! बरी आहेस ना?”

ही जुन्या ओळखीची असल्यासारखी कशी बोलतेय? मग हळूहळू उलगडलं. फोनवर मायलेकींचा आवाज सारखा, मन्सूरसुद्धा फसायचा. आणि खोटं नाव सांगायची वेळ आली तेव्हा पोरीला आईचंच सुचलं होतं.

“रविवार जवळ आला,” ती बाई म्हणत होती. “अम्मीपुढे जीभ वळत नाही म्हणालीस ना? आधी माझ्यापाशी म्हणून बघायचं ठरलंय आपलं. समज, मीच अम्मी. ती आधी ओरडेल, मग ऐकेल, हे तूच सांगितलंस. म्हण.”

गुलनाजएवढीच असताना, वेल्ह्याच्या माहेरी, हलिमाला फक्त ‘कबूल’ म्हणायला शिकवलं होतं. दुसरा शब्द कुणी शिकवलाच नव्हता.

“अम्मी,” ती पुटपुटली, “मला लगीन नको. आत्ता नको.”

“छान. आता जरा मोठ्यांदा.”

“अम्मी, मला नको!”

शेजारी अंबूबाईची भांडी वाजायची थांबली.

गुलनाज आली तेव्हा फोन होता तिथेच होता. तिने तो पाहिला, मग आईकडे पाहिलं.

“अम्मी, तू फोन घेतला हुतास?”

“मला कुठं येतोय त्यो.”

मशीन चालू होतं. पोरगी पाणी प्यायली, तिने पेला विसळला, पुन्हा विसळला.

“अम्मी...”

“काय गं?”

“काय न्हाई.”

हलिमाने पायडलवरचा पाय काढला आणि फिरतं चाक हाताने धरलं.

“म्हण की,” ती म्हणाली. “जरा मोठ्यांदा.”